खेळाची खरी किंमत

सन १९८२ चा डिसेंबर महिना होता. अमेरिकेत नाताळच्या सणाची धांदल उडाली होती. मुलांना भेट म्हणून द्यावयाच्या वस्तूंनी दुकाने भरून गेली होती. त्या वस्तूंत एक लहानसे खोके होते. मोठाल्या डोळ्यांचा, परग्रहावरून आलेला एक चिमुकला जीव त्याच्यावर रंगवलेला होता. त्या जीवाचे नाव ई. टी. त्याच वर्षी जून महिन्यात स्टीव्हन स्पीलबर्ग ह्या दिग्दर्शकाचा त्याच नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला होता आणि त्याने लहानथोरांना वेड लावले होते. खोक्यात होता तो ह्या चित्रपटावरून अटारी नावाच्या कंपनीने तयार केलेला व्हिडिओ गेम. चित्रपटात पाहिलेला ई. टी. आता घरच्या टेलिव्हिजनच्या पडद्यावर आपल्या हाताच्या इशाऱ्याने चालणार, ह्या कल्पनेने मुले हरखून गेली. आईवडिलांनी हौसेने पैसे मोजले. असली लाखो खोकी घरोघर गेली.

परंतु खेळ सुरू होताच अनेक मुलांचे चेहरे उतरले. ई. टी. ला आपल्या घरी संदेश पाठवावयाचा आहे आणि त्यासाठी टेलिफोनचे तीन तुकडे शोधून काढावयाचे आहेत, अशी त्या खेळाची कल्पना होती. हे तुकडे खड्ड्यांत दडलेले असत. कल्पना वाईट नव्हती. पण चालता चालता ई. टी. नकळत खड्ड्यात पडे, मान ताणून मोठ्या कष्टाने वर येई, आणि काठाशी येतो न येतो तोच पुन्हा त्याच खड्ड्यात कोसळे. आपले काय चुकले, हेच खेळणाऱ्याला उमगत नसे. दहा वेळा पडल्यावर कोणते मूल अकराव्या वेळी आनंदाने उठेल?

असे का झाले? हा खेळ रचणारा हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ हा काही अडाणी कारागीर नव्हता. त्याने पूर्वी रचलेला एक खेळ लोकांना फार आवडला होता; पण त्या खेळावर त्याने अनेक महिने परिश्रम घेतले होते. ई. टी. साठी मात्र त्याला अवघे पाच आठवडे मिळाले. काहीही करून नाताळापूर्वी माल दुकानात पोहोचलाच पाहिजे, असा कंपनीचा आग्रह होता. खेळ चांगला झाला आहे की नाही हे पाहण्यास कोणाला सवड नव्हती. चित्रपटाचे नाव मोठे आहे. तेवढ्यावर माल खपेल, असा सर्वांचा हिशेब होता.

हा हिशेब चुकला. त्या काळात अनेक कंपन्यांनी घाईघाईने रचलेल्या सुमार खेळांनी बाजार भरून गेला होता. एकदा फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानाची पायरी चढेना. पाहता पाहता अमेरिकेतील हा सारा धंदाच डबघाईस आला. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारी कंपनीने आपला न खपलेला माल ट्रकांत भरला आणि न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचरापट्टीत पुरून टाकला. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा मुद्दाम खणून पाहण्यात आली. तेव्हा खेळ साठवलेल्या प्लॅस्टिकच्या सुमारे तेराशे डब्या मातीतून बाहेर निघाल्या. त्यांत ई. टी. होता आणि त्याच्यासारखे दुसरेही पुष्कळ खेळ होते.

आता दृष्टी दुसरीकडे वळवावी. ह्या घटनेनंतर थोड्याच काळाने, १९८४-८५ च्या सुमारास, मॉस्को शहरातील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव नावाचा एक तरुण संशोधक काम करीत असे. त्याला कोड्यांचा भारी नाद. लाकडी तुकडे एकमेकांत बसवून चौकट भरावयाची, असे एक जुने कोडे त्याला ठाऊक होते. त्या कोड्यातील प्रत्येक तुकडा पाच चौकोनांचा असे. पाजित्नोवने पाचाऐवजी चार चौकोन घेतले. चार चौकोन निरनिराळ्या रीतींनी जोडले असता सात आकार तयार होतात. हे आकार एकामागून एक वरून खाली पडू लागतील आणि खेळणाऱ्याने ते फिरवून नीट रचावयाचे, असा खेळ त्याने योजला.

त्याच्याजवळचा संगणक इतका साधा होता की, त्याला चित्र काढताच येत नसे. केवळ अक्षरे आणि चिन्हे उमटत. म्हणून पाजित्नोवने कंसाच्या चिन्हांनी चौकोन दाखवले. रंग नाही, गोष्ट नाही, नायक नाही. शिवाय थोड्याच वेळात पडदा आकारांनी गच्च भरून जाई आणि खेळ संपे. ह्यावर त्याने एक युक्ती काढली: एखादी आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी व्हावी. त्या एका नियमाने खेळात प्राण आला. हाच तो टेट्रिस. चार ह्या अर्थाचा ग्रीक शब्द आणि पाजित्नोवचा आवडता टेनिसचा खेळ ह्यांच्या मिलाफातून हे नाव जन्मास आले. पुढे वादिम गेरासिमोव ह्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने तो दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर उतरवण्यास साहाय्य केले. मग जाहिरातीवाचून, दुकानावाचून, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती अशी नक्कल होत होत हा खेळ मॉस्कोभर पसरला आणि पुढे जगभर गेला. आज त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, तरी तो खेळला जातोच आहे.

एका खेळाजवळ नाव होते, चित्र होते, पैसा होता. तो मातीत गेला. दुसऱ्याजवळ ह्यांपैकी काहीच नव्हते, तो जगला. ह्यावरून सहजच प्रश्न पडतो की, व्हिडिओ गेमचे मोल ठरते ते कशावर?

ह्याचे उत्तर शोधण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चित्रपट पाहावयाचा असतो, गोष्ट ऐकावयाची असते. परंतु खेळ ही करावयाची गोष्ट आहे. बुद्धिबळाचा पट हस्तिदंताचा असो की पुठ्ठ्याचा असो, डाव रंगतो तो सोंगट्यांच्या किमतीमुळे नव्हे. आता घोडा हलवावा की हत्ती, ह्या विचारामुळे रंगतो. खेळाचा आत्मा निवडीत असतो. जो खेळ क्षणोक्षणी खेळणाऱ्यापुढे निवड ठेवतो आणि त्या निवडीचे फळ त्याला लगेच दाखवतो, तोच मनाला धरून ठेवतो. टेट्रिसमध्ये हे स्पष्ट दिसते. एका कडेला उभी रिकामी जागा राखून ठेवली आणि तेथे लांब तुकडा बसवला, तर चार ओळी एकदम नाहीशा होतात आणि पुष्कळ गुण मिळतात. पण तो लांब तुकडा येईल केव्हा? तोवर ढीग वाढत जातो. थोडके गुण घेऊन सुरक्षित राहावे, की मोठ्या लाभासाठी धोका पत्करावा? एवढ्याशा खेळात हा केवढा मोठा प्रश्न दडलेला आहे!

म्हणून चांगल्या खेळाची पहिली खूण ही की, त्याचे नियम थोडके असतात, पण त्यांतून निघणारा खेळ अफाट असतो. सन १९७२ मध्ये अटारी कंपनी नुकतीच स्थापन झाली होती. ॲलन अल्कॉर्न ह्या तरुण अभियंत्याला सरावासाठी म्हणून एक सोपे काम देण्यात आले: पडद्यावर टेबल टेनिससारखा खेळ तयार करावयाचा. ह्या खेळाला पाँग असे नाव मिळाले. एक ठिपका म्हणजे चेंडू, दोन उभ्या रेघा म्हणजे दोन फळ्या. चेंडू चुकू न देणे, हाच काय तो नियम. परंतु अल्कॉर्नने एक बारकावा साधला. त्याने फळीचे आठ भाग कल्पिले. चेंडू मधोमध लागला तर सरळ परते. कडेला लागला तर तिरपा जाई. शिवाय टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढे. त्यामुळे चेंडू अडवणे हे कोणालाही जमे, पण तो हव्या त्या दिशेला पाठवण्यास कसब लागे. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका पानगृहात हे यंत्र ठेवण्यात आले. नाणे टाकावे आणि खेळावे, अशी त्याची रीत होती. काही दिवसांनी यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्नने जाऊन पाहिले, तो यंत्र बिघडलेले नव्हते. नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे ते अडले होते!

दुसरी खूण अशी की, चांगला खेळ खेळता खेळताच शिकवतो. जपानमधील क्योटो शहरात निन्टेन्डो नावाची कंपनी आहे. ती १८८९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा ती हाताने तयार केलेले पत्ते विकत असे. ह्याच कंपनीतील शिगेरू मियामोतो आणि त्याचे सहकारी ह्यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ तयार केला. ह्या खेळाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि त्याच्या उजवीकडे मोकळी जागा असते; तेव्हा कोणी न सांगताही खेळणारा उजवीकडे चालू लागतो. समोरून एक लहानसा शत्रू येतो. त्याला धडकले तर मरण. उडी मारून त्याच्यावर पडले तर त्याचा नाश. वर प्रश्नचिन्ह काढलेली वीट दिसते. तिला डोक्याने धक्का दिला की नाणे निघते, दुसरीतून अळंबे निघते. हे अळंबे पुढे जाऊन नळीवर आपटते आणि परत खेळणाऱ्याकडेच येते, त्यामुळे ते सहसा चुकवता येत नाही. ते अंगाला लागताच मारिओ मोठा होतो. अळंबे आपले मित्र आहे, हे असे अनुभवाने कळते. पुढे एके ठिकाणी दोन जिने समोरासमोर येतात. त्यांच्या मधली जमीन भरीव असते, म्हणून उडी चुकली तरी अपाय होत नाही. लगेच तसेच दोन जिने पुन्हा येतात. पण ह्या वेळी मध्ये खोल खड्डा असतो. आधी सुरक्षित सराव, मग खरी परीक्षा! उत्तम शिक्षकाचीही रीत ह्याहून वेगळी नसते. ज्या खेळासाठी लांबलचक सूचना पाठ कराव्या लागतात आणि तरीही काय करावे हे कळत नाही, त्याच्या रचनाकाराने आपले अर्धे काम खेळणाऱ्याच्या माथी मारलेले असते.

तिसरी खूण न्यायाची. खेळ म्हटला की हार आलीच. किंबहुना ज्यात हार नाही, त्यात जिंकण्याची गोडीही नाही. परंतु हरल्यावर खेळणाऱ्याच्या मनात 'माझे चुकले, पुन्हा करून पाहतो' असे आले पाहिजे. 'मला फसवले' असे येता कामा नये. ई. टी. आणि मारिओ ह्या दोन्ही खेळांत खड्डे आहेत. भेद एवढाच की, मारिओच्या खड्ड्यात पडणाऱ्याला आपली उडी तोकडी पडली हे दिसते, ई. टी. च्या खड्ड्यात पडणाऱ्याला काहीच कळत नाही. न्यायाबरोबरच कठीणपणाची चढणही बेताची असावी. आरंभी सोपे, मग थोडे अवघड, मग अधिक अवघड, असा तो क्रम हवा. ह्या बाबतीत जपानमधील तोमोहिरो निशिकादो ह्या रचनाकाराला एकदा यंत्रानेच मदत केली. त्याच्या १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' ह्या खेळात शत्रूंच्या रांगा वरून खाली सरकत येतात. सर्व शत्रू पडद्यावर असताना त्यांना हलवण्यात यंत्र गुंतून पडे आणि ते हळू चालत. जसजसे शत्रू मारले जात, तसतसे यंत्राचे ओझे कमी होऊन उरलेले शत्रू वेगाने धावू लागत. निशिकादोने हा यंत्राचा दोष मानला नाही. खेळाचा शेवट जवळ येतो तसतशी उत्कंठा वाढते, हे पाहून त्याने तो तसाच राहू दिला.

मग सुंदर चित्रे आणि सुरस कथा ह्यांना काही मोल नाही काय? आहे, निश्चित आहे. पण ती खेळाशी एकजीव झालेली असावीत. ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पुणे येथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या लहानशा संस्थेने तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगापुढे आला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात ती निघते. ती कसरतपटू आहे, म्हणूनच ती भिंतीवरून धावू शकते आणि खांबाभोवती गिरकी घेऊन शत्रूवर वार करू शकते. म्हणजे कथेत जे सांगितले आहे, तेच खेळणाऱ्याच्या बोटांना करावयास मिळते. भिंतींवरील चित्रे आणि सावल्यांच्या बाहुल्या ह्यांच्या द्वारे कथा पुढे सरकते. येथे चित्र हे खेळाचे अंग आहे, वरून चिकटवलेला कागद नव्हे.

ह्याउलट, केवळ रंगाच्या झगमगाटाला भुलणे कसे व्यर्थ असते, हेही इतिहासाने दाखवून दिले आहे. १९८९ मध्ये हातात धरून खेळण्याची दोन यंत्रे बाजारात आली. अटारी कंपनीच्या लिंक्स ह्या यंत्राचा पडदा रंगीत होता. निन्टेन्डोच्या गेम बॉयचा पडदा मात्र हिरवट आणि फिकट, त्यात रंगांऐवजी केवळ चार छटा. परंतु लिंक्सचे सहा सेल चार-पाच तासांत संपत, तर गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहूनही अधिक काळ चाले. तो स्वस्त होता, दणकट होता आणि अमेरिकेत त्याच्याबरोबर टेट्रिस मिळत असे. गेम बॉय आणि पुढे निघालेला त्याचा रंगीत भाऊ मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली. लिंक्सचे नाव आज थोड्यांनाच आठवते.

चांगल्या खेळाची आणखी एक खूण आहे. तो खेळणाऱ्याच्या कल्पकतेला जागा देतो. स्वीडनमधील मार्कुस पर्सन ह्याने आरंभलेला 'माइनक्राफ्ट' हा खेळ २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्याची चित्रे ओबडधोबड चौकोनी ठोकळ्यांची आहेत. पण त्या ठोकळ्यांनी कोणी झोपडी बांधतो, कोणी किल्ला, कोणी अख्खे नगर. काय करावयाचे, हे खेळ सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे. ह्या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. मुलांना आयत्या चमत्काराहून स्वतःच्या हातची झोपडी अधिक प्रिय असते, हाच ह्याचा अर्थ नव्हे काय?

येथवर खेळाच्या अंगच्या गुणांचा विचार झाला. आता खरेदीचा विचार. कोणत्याही खेळाच्या किमती दोन: एक दिसणारी, दुसरी न दिसणारी. खोक्यावर छापलेली किंमत सर्वांना दिसते. परंतु आज मोबाइल फोनवर कितीतरी खेळ फुकट मिळतात. ज्यांनी तो खेळ रचला त्यांना पगार हवा, जागा हवी, वीज हवी. मग हा खर्च भागतो कसा? कोठे खेळाच्या मध्ये जाहिराती येतात. कोठे खेळ मुद्दाम कंटाळवाणा केलेला असतो आणि पैसे दिले की तो झरझर पुढे सरकतो. कोठे बंद पेट्या विकल्या जातात. आत काय निघेल हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. हवी ती वस्तू निघाली नाही की आणखी एक पेटी, मग आणखी एक. हा खेळ नव्हे, ही सोडत झाली. बेल्जियम देशाच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या असल्या पेट्यांना जुगार ठरवले. भारतातही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा २०२५ मध्ये संसदेने संमत केला. एकदाच किंमत देऊन विकत घेतलेला प्रामाणिक खेळ पुष्कळदा ह्या 'फुकट' खेळाहून स्वस्त पडतो.

म्हणून सुज्ञ गिऱ्हाईक घाई करीत नाही. खोक्यावरचे चित्र किंवा जाहिरातीतील झगमगाट पाहून तो हुरळत नाही. दुसरा कोणी तो खेळ खेळत असेल, तर त्याच्याजवळ बसून अर्धा तास तो नीट पाहतो. खेळाची स्तुती करणारे काय म्हणतात ते तो ऐकतो, पण त्याला नावे ठेवणारे काय म्हणतात तेही ऐकतो. कारण पुष्कळदा खरी माहिती दुसऱ्यांकडूनच मिळते. आपल्या घरच्या यंत्रावर तो खेळ चालेल की नाही, आणि विकत घेतल्यावरही तो पुन्हा पैसे मागणार आहे काय, ह्याची तो आधीच चौकशी करतो. तसेच खोक्यावर छापलेला वयाचा आकडा तो वाचतो. युरोपात २००३ पासून खेळांवर ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे छापण्याची पद्धत आहे. अमेरिकेत अशीच व्यवस्था १९९४ पासून अक्षरांच्या खुणांनी केली जाते. कोणत्या वयाच्या मुलांना तो खेळ योग्य आहे, हे त्यावरून कळते. हा आकडा खेळ किती अवघड आहे हे सांगत नाही. त्यातील दृश्ये आणि भाषा कोणत्या वयाला मानवतील, हे सांगतो. 'आता मी मोठा झालो' ह्या अभिमानाने त्याकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु ह्या सर्वांहून मोठी किंमत आणखीच निराळी आहे. ती रुपयांत मोजली जात नाही; ती तासांत मोजली जाते. गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो. गेलेली संध्याकाळ परत येत नाही. काही खेळ असे रचलेले असतात की, ते सोडताच येऊ नयेत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की आधीची सारी कमाई बुडाली, असा त्यांचा दंडक असतो. मग खेळणारा आनंदासाठी खेळत नाही, धाकाने खेळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचाही समावेश आहे, आणि ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले आहे. खेळणारे प्रत्येक मूल आजारी असते, असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. खेळावरचा ताबा सुटतो, अभ्यास, झोप, सोबती हे सर्व मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळ थांबवता येत नाही, आणि अशी स्थिती दीर्घकाळ राहते, तेव्हाच त्याला विकार म्हणतात. चांगला खेळ मात्र खेळणाऱ्याला मोकळे सोडतो. त्याचा एक टप्पा पुरा होतो, गाठलेली मजल साठवून ठेवता येते, आणि मन प्रसन्न ठेवून उठता येते. उठल्यावरही त्यातील एखादे कोडे मनात घोळत राहते. पण ते ओढून नेत नाही, सोबत करते.

ह्या विवेचनाच्या शेवटी पुन्हा टेट्रिसकडे वळणे उचित होईल. १९८९ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी निघालेल्या टेट्रिसमध्ये एकोणतिसाव्या पायरीनंतर तुकडे इतक्या वेगाने पडतात की, तेथून पुढे माणसाचे चालणार नाही, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. परंतु खेळणाऱ्यांनी हार मानली नाही. बोटे अधिक चपळ चालवण्याच्या नवनव्या युक्त्या त्यांनी शोधल्या आणि एकमेकांना शिकवल्या. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील तेरा वर्षांचा एक मुलगा ह्या खेळाच्या एकशे सत्तावन्नाव्या पायरीपर्यंत पोहोचला. सुमारे अडतीस मिनिटे तो खेळत होता. एक ओळ नाहीशी झाली, आणि पडदा जागच्या जागी गोठला. मुलगा हरला नव्हता. खेळच पुढे चालेनासा झाला होता. ज्या खेळापुढे माणसे चौतीस वर्षे थकत आली होती, तो खेळ एका मुलापुढे थकला.

तो मुलगा जन्मला तेव्हा हा खेळ दोन दशकांहून जुना झाला होता. त्याचे ठोकळे साधे, त्याचा पडदा जुना, त्याच्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट नाही. तरीही एका मुलाने त्याच्यावर मनापासून परिश्रम घ्यावेत, इतके त्यात काहीतरी होते. अलामोगोर्डोच्या मातीत पुरलेल्या खोक्यांवरील चित्रे याहून कितीतरी सुंदर होती. पण खेळ चित्रात नसतो. तो निवडीत असतो, न्यायात असतो, पुन्हा उठून प्रयत्न करण्याच्या उमेदीत असतो. ज्या खेळात ही उमेद सापडते, त्याच्यासाठी दिलेला पैसा आणि दिलेला वेळ वाया जात नाही. आणि ज्यात ती सापडत नाही, तो फुकट मिळाला तरी महागच होय.